मागच्या जिन्यावरचा कोबी

मॉड पेग्रम वीसेक वर्षं रोमन रोडच्या बाजारात कोबी विकत होती, आणि तिच्या गाडीवर भाजीचं एक पानसुद्धा कधी नव्हतं. असायचे ते फ्रॉक, परकर, थंडीत बायकांचे कोट. सगळा माल नवा, शहराच्या श्रीमंत भागातल्या, वेस्ट एंडच्या, बड्या दुकानांत काचेमागे टांगलेला असतो तसाच, फक्त गळ्याशी कंपनीच्या नावाची पट्टी नाही. गिऱ्हाईक बाई कापड चिमटीत धरून बघायची, मग इकडेतिकडे बघायची आणि हळूच विचारायची, "कोबी आहे का?" मॉड मान हलवायची आणि मग भावाची घासाघीस सुरू व्हायची.

हा शब्द शिंप्यांचा. वेस्ट एंडची कंपनी आमच्या भागातल्या कारखान्यांना कापड मोजून द्यायची आणि फ्रॉक मोजून परत घ्यायची. पण कटर हाताचा पक्का असला तर कापड असं बेतायचा, तुकड्याला तुकडा असा खेटवायचा, की कंपनीचे सगळे फ्रॉक निघून वर चार-दोन आणखी निघायचे. हे वरचे, ते कोबी. कोबीच का, ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारायच्या भानगडीत पडत नव्हतं. ही चोरी आहे असं बाहेरच्या कुणी म्हटलं असतं तर आमच्या माणसांनी त्याला उभं केलं नसतं. कापड कंपनीचं असलं तरी अक्कल कटरची, आणि अकलेचे पैसे कंपनी देत नाही, मग कोबी त्याचा. कंपनीच्या माणसासमोर आणि सरकारी माणसासमोर तो शब्द काढायचा नाही, एवढाच काय तो नियम. तो शाळेत जायच्या आधी पोरांना कळलेला असायचा.

त्याच शब्दाचा आमच्याकडे आणखी एक उपयोग होता. डोक्याला मार बसून एखादा माणूस नुसता बसून राहिला, खातो, झोपतो, पण बोलत नाही आणि ओळखत नाही, तर त्यालाही लोक कोबी म्हणायचे. मॉडचा नवरा वॉली गोदीत हमाल होता. यारीवरून सुटलेली पेटी त्याच्या डोक्याला घासून गेली, तेव्हापासून तो खिडकीजवळच्या खुर्चीत होता. मॉड एक कोबी विकते आणि एक पोसते, असं दारूच्या गुत्त्यात म्हणून लोक हसायचे. हे मॉडच्या कानावर जात नसेल असं ते धरून चालायचे. जायचं. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची, कारण हसणाऱ्यांच्याच बायका तिची गिऱ्हाइकं होत्या.

तिची मुलगी बेरिल मात्र ऐकून घेणारी नव्हती. बेरिल मिस्टर गॉझेटच्या कारखान्यात मशीनवर बसायची. तिथल्या इस्त्रीवाल्यानं एकदा तिच्या बापाला तो शब्द लावला, तेव्हा ती मशीन थांबवून उठली, त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली आणि परत येऊन राहिलेली शिवण पुरी केली. मुलगी तशी शांत, बापावर जीव टाकणारी. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिची पावलं जिन्यावर वाजली की वॉली तोंड दाराकडे वळवायचा. दिवसभरात तो आपल्या मनानं करायचा ते एवढंच. डॉक्टर म्हणायचे, त्याचा काही अर्थ नाही. बेरिल म्हणायची, डॉक्टरलाच काही अर्थ नाही.

गॉझेटचा कारखाना एका लाकडाच्या वखारीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर होता. पुढे एक जिना आणि मागे एक. मागचा जिना बोळात उतरायचा आणि कोबी त्याच वाटेनं खाली यायचा. कटर मॉस कॅल्मन आठवड्याचा माल पोत्यांत भरून, सगळे घरी गेल्यावर बोळातून वर चढवून मागच्या दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या चौकात रचून ठेवायचा. त्याच्याकडे आणि मॉडकडे बोळातल्या दाराची किल्ली होती. बुधवारी ती हातगाडी घेऊन यायची, गुपचूप वर जायची आणि पोती खाली आणायची. कारखान्यातून वरचं मागचं दार कुणी उघडत नसे. आतल्या कुणी काही पाहिलं नाही, म्हणजे विचारलं तर सांगायला काही नाही.

नोव्हेंबरातल्या त्या बुधवारी पाऊस होता, मॉडचे गुडघे धरले होते आणि हातगाडीचं एक चाक कुरकुरत होतं. ती गेली नाही. त्याच्या आदल्या बुधवारीही वॉलीला ताप होता म्हणून ती गेली नव्हती. वर दोन आठवड्यांचा माल साचला होता, त्यात थंडीचे कोट, म्हणजे पोती चांगली फुगलेली. उद्या जाऊ, असं म्हणून तिनं शेगडीपाशी पाय पसरले.

गुरुवारी सकाळी बेरिल उभ्याउभ्या चहा पीत होती. चरबी लावलेला पावाचा तुकडा तोंडात धरून तिनं बापाच्या गळ्याशी रुमाल बांधला आणि विचारलं, "आई, काल पोती नेलीस ना गं? आज दुपारी कंपनीचा माणूस यायचाय. मॉस उगाच जिवाला घोर लावून घेतो."

"नेली गं बाई. कधीच नेली," मॉड म्हणाली.

ते तास-दीड तासापुरतं खोटं होतं. नाही म्हटलं असतं तर पोरगी चिडली असती, उशीर झाला असता. कंपनीचा माणूस येणार दुपारी, आणि मॉड चाकाला तेल घालून दहाच्या आत निघणार होती. असली खोटी आपण सगळेच दिवसातून चार वेळा बोलतो आणि ती आपोआप खरी होऊन जातात. हे व्हायचं राहिलं. मॉड परसात चाकाला तेल घालत होती तेव्हा बंबाची घंटा वाजत गल्लीतून गेली.

आग इस्त्रीच्या टेबलापाशी लागली. गॅसवर तापणाऱ्या इस्त्रीची रबरी नळी किती दिवस चिरलेली होती, हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. इस्त्रीचं टेबल पुढच्या जिन्याला लागून, त्यामुळे धूर आधी तिकडेच भरला. बाकीच्या सगळ्या तरीही धुरातूनच पुढून बाहेर पडल्या. हात भाजले, केस गेले, पण जीव वाचले. बेरिल एकटी मागे धावली. मागचं दार बाहेर उघडणारं होतं. ते वीतभर उघडलं आणि पोत्यांना टेकून थांबलं. बंबवाल्यांना ती सापडली तेव्हा तिचा एक हात खांद्यापर्यंत त्या फटीतून बाहेर आलेला होता. अंगावर भाजल्याची खूण फारशी नव्हती, धुरानंच गेली होती.

बंबवाल्यांनी वाट करायला पोती उचलून बोळात फेकली. दुपारपर्यंत ती बोळातून नाहीशी झालेली होती.

बेरिल मागेच का धावली, ते मॉडला दवाखान्यात पर्लनं सांगितलं. पर्ल बेरिलच्या शेजारच्या मशीनवर बसणारी. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते आणि नाक पुसायलाही तिला दुसरं कुणी लागत होतं. मॉड तिचं नाक पुसत असतानाच ती बोलली.

"ती ओरडली, आंटी. मागचा जिना मोकळा आहे म्हणाली. आई म्हणालीये, नेलंय सगळं. मी तिच्या मागेच निघाले होते. मॉसनं माझी वेणी धरून मला पुढे ओढलं."

मॉडनं रुमालाची घडी घातली आणि उशाशी ठेवली. ती खाली आली. तोवर तिच्यासाठी ती आग होती, नळी होती, गॉझेटचा हलगर्जीपणा होता. आता ती तिची स्वतःची झाली. पोरगी मेली होती ती आईच्या शब्दावर भरवसा ठेवून, आणि त्या शब्दाची दुसरी साक्षीदार खाटेवर पडलेली एक घाबरलेली मुलगी होती.

प्रेतयात्रेला गल्ली लोटली. गॉझेटनं एवढं मोठं फुलांचं चक्र पाठवलं की ते शववाहू गाडीच्या टपावर बांधावं लागलं. सगळे काळे कोट घालून आले होते, आणि मॉडला बाह्यांच्या बेतावरून कळत होतं, कुठला कोट कुठल्या वर्षीच्या कोबीतला. अर्ध्याहून जास्त तिनंच विकलेले होते. तिचा स्वतःचाही तसलाच होता. तिची मुलगी पुरली जात होती आणि भोवती सगळा तिचाच माल उभा होता.

दोन दिवसांनी गॉझेट घरी आला. टोपी हातात, डोळे खाली. माणूस वाईट नव्हता. म्हणजे घाबरलेला नसला की वाईट नव्हता. वॉलीकडे बघून त्यानं मान लववली, उत्तराची वाट पाहिली आणि मग ओशाळून खुर्चीवर बसला. बोलत मात्र बराच वेळ राहिला. असा मृत्यू झाला की कोरोनर बसतो, त्याच्या कोर्टात चौकशी होणार. मागे काय रचलेलं होतं हे बाहेर पडलं तर कंपनी कापड काढून घेईल. एकट्या आपल्याकडचं नाही, या गल्लीतल्या सगळ्या कारखान्यांचं. किती चुली विझतील याचा विचार कर. तुझी गाडीसुद्धा त्यावरच चालते. नळीचं तर बोलूच नकोस, विम्यावाले कारणच शोधत असतात. मग तो जरा थांबला आणि म्हणाला की पोलिसांना आपण एक सांगून बसलोय. बेरिल इस्त्रीच्या टेबलाआड उभी राहून सिगारेट ओढत होती, थोटूक चिंध्यांत पडलं असेल.

मॉड म्हणाली, "ती ओढत नव्हती. तिला धुरानं खोकला यायचा."

"ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. कोर्टाला कुठे माहीत आहे?" गॉझेट म्हणाला. "तिला आता काय फरक पडतो, मॉड? ती आता कुणाच्या बोलण्याच्या पलीकडे गेली."

मॉडनं त्याला दार दाखवलं नाही. हे तिला पुढे फार लागलं. तिनं त्याचा कप विसळला आणि पालथा घातला, बस्स.

फरक पडला, आणि लगेच पडला. बेरिलच्या नावानं हळहळणाऱ्या बायका आठवड्याभरात वेगळं बोलायला लागल्या. पाववाल्याच्या दुकानात मॉड शिरली की बोलणं तुटायचं. पर्लच्या आईनं तर रस्त्यात तोंड फिरवलं. तिच्या मुलीच्या बोटांना पुन्हा सुई धरवणार नव्हती, आणि ते कुणामुळे, हे तिच्या मनानं पक्कं केलं होतं. सहा मुली भाजल्या आणि एक मेली ती एका पोरीच्या चोरट्या सिगारेटपायी, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. गंमत अशी की नळी सगळ्यांना माहीत होती आणि पोतीही माहीत होती. पण मेलेल्या मुलीवर ढकललं की जिवंत माणसांचं निभावतं. लोक मुद्दाम खोटं बोलत होते असंही नाही. हळूहळू त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं, आणि हेच मॉडला सहन होईना. तिनं ठरवलं, आपण सांगायचं. पोती, किल्ली, नळी, सगळं. आणि त्या सकाळी चहा पिताना आपण मुलीला काय म्हणालो, तेही.

कोरोनर म्हातारा, सौम्य आणि कानानं किंचित कमी होता. ज्युरीत आमच्याच भागातली माणसं. पहिल्या रांगेत एक बाई बाटलीच्या रंगाचा हिरवा कोट घालून बसली होती, कापडानं मढवलेली बटणं, रुंद कॉलर. मॉडनं तो कोट ओळखला. मागच्या थंडीत तिनंच विकला होता. बाईचं नाव मिसेस टिडी, नवरा ट्रामवर होता. भाव करताना तिनं अर्धा तास खाल्ला होता आणि शेवटी विचारलं होतं, कोबीच ना?

गॉझेटनं आपलं सांगून झालं. कोरोनरनं विचारलं, दारामागे काही होतं असं बंबवाले म्हणतात. गॉझेट म्हणाला, चिंध्यांचं एखादं पोतं असेल, साहेब, भंगारवाल्यासाठी ठेवलेलं. मग मॉडला बोलावलं.

ती उभी राहिली आणि बोलली. चिंध्या नव्हत्या, म्हणाली, नवे कोट होते, दोन आठवड्यांचे, दाराच्या उंचीपर्यंत. तो कोबी होता. तो न्यायचं काम माझं होतं आणि मी नेला नाही. पाऊस होता म्हणून नेला नाही. आणि मुलीनं विचारलं तेव्हा नेला म्हणून सांगितलं. ती मागे धावली ती माझ्या सांगण्यावरून. आग नळीमुळे लागली. ती सिगारेट ओढत नव्हती, जन्मात ओढली नव्हती.

कोरोनरनं कानामागे हात धरला. "कोबी म्हणालात?"

"हो, साहेब. कोबी."

"दाराच्या उंचीपर्यंत?"

कुणी हसलं नाही. एवढ्या माणसांनी भरलेल्या खोलीत कोबीच्या ढिगाचं बोलणं निघालं आणि एकही माणूस हसला नाही, यावरूनच कोरोनरला कळायला हवं होतं. पण तो आमच्यातला नव्हता. मॉड समजावत गेली, शिंप्यांचा शब्द आहे, असा कटर असतो, असं कापड बेततात. सांगता सांगता तिचं तिलाच ते वेड्यासारखं वाटायला लागलं. आधारासाठी तिनं हिरव्या कोटाकडे पाहिलं. मिसेस टिडी आपल्या मढवलेल्या बटणांकडे बघत होती.

कोरोनरनं मॉस कॅल्मनला उभं केलं. मॉसनं तीस वर्षं कापड बेतलं होतं. आजूबाजूच्या गल्ल्यांत त्याच्यासारखा हात नव्हता, आणि त्याच हातानं त्यानं पर्लची वेणी धरून तिला ओढून काढलं होतं. तो टोपीची कड बोटांत फिरवत उभा राहिला. साहेबांनी त्याला सरळ विचारलं, या धंद्यात कोबी म्हणजे काही वेगळं असतं काय?

"कोबी?" मॉस म्हणाला. "भाजी असते, साहेब. बायको रविवारी उकडते."

मग पर्ल. तिला काही आठवत नव्हतं. धूर होता, म्हणाली, आणि आरडाओरडा; बेरिल काही बोलली असेल, नसेल. ती आईकडे बघून बोलत होती. आई भिंतीकडे बघत होती.

मॉड बसल्या जागेवरून म्हणाली, "पर्ल, मी तुझं नाक पुसलं गं." पर्ल रडायला लागली आणि शिपायानं मॉडला गप्प राहायला सांगितलं.

निकालाला वेळ लागला नाही. अपघाती मृत्यू, आगीचं कारण बहुधा निष्काळजीपणे टाकलेली सिगारेट. कोरोनरनं तरुण मुलींना दोन शब्द सांगितले. मग तो मॉडकडे वळला आणि अगदी मनापासून बोलला. दुःखानं माणसाचं मन भलत्या गोष्टी जोडत जातं, एकुलती एक मुलगी गेली की आई सगळा दोष स्वतःवर घेते, आपण हे फार पाहिलं आहे. या कोर्टाच्या दृष्टीनं मिसेस पेग्रम यांच्याकडे कसलाही दोष येत नाही. त्यानं तिला पाणी द्यायला सांगितलं.

मॉड पाणी प्यायली. तिनं मुलीचं नाव धुवायला म्हणून स्वतःचं पाप भर कोर्टात मांडलं होतं. त्यांनी ते पाप घेतलं नाही आणि नावही तसंच ठेवलं. शिक्षा झाली असती तर तिला चाललं असतं. कुणी दोन शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

बाहेर मॉस तिची वाट बघत उभा होता. माझी चार पोरं आहेत, म्हणाला, कंपनीनं कापड नेलं तर मी कुठे जाऊ? मॉड त्याच्या अंगावरून पुढे गेली. तो काही अंतर मागे मागे आला आणि मग थांबला.

शुक्रवारी सकाळी तिच्या परसाच्या दाराशी पोती ठेवलेली होती. कुणी आणली ते तिनं पाहिलं नाही. उघडल्याबरोबर धुराचा वास आला आणि ती खालीच बसली. तीच होती ती. घट्ट भरलेलं कापड जळत नाही, नुसतं काळवंडतं, आणि यातलं तर काळवंडलंही फारसं नव्हतं. बंबाचं पाणी लागलं होतं ते कुणीतरी वाळवून, पुन्हा इस्त्री करून, नीट घड्या घालून पाठवलं होतं. गॉझेटला तिचं तोंड बंद करायचं होतं की मॉसला तिची चूल पेटती ठेवायची होती, कोण जाणे. बहुधा दोघांनाही आपण उपकारच करतोय असं वाटत असेल.

ती पोती जाळावी असं तिला वाटलं. मग आत वॉली खोकला. घरात दोन दिवसांचे बटाटे आणि थोडा चहा होता, आणि वॉलीची गोदीकडून येणारी मदत भाड्यातच जायची. तिनं दोरी बांधली आणि कोट वाऱ्याला घातले. फ्रॉक आतल्या खोलीत टांगले. टांगताना एका निळ्या फ्रॉकवर तिचा हात थांबला. कंबरपट्टा ओवायच्या घरांना तीन तीन उलटे टाके मारलेले होते. कारखान्यात सगळ्या मुली एक टाका मारून सोडतात. पट्ट्याची घरं उसवतात आणि गिऱ्हाइकं भांडायला येतात, अशी कुरकुर मॉड घरी करायची, म्हणून बेरिल तेवढ्यापुरती तीन मारायची. बाकी कुणाला कळायचंही नाही. मॉडनं ती घरं अंगठ्यानं चाचपली आणि सगळे निळे फ्रॉक वेगळे काढले. नंतर पुन्हा बाकीच्यांत मिसळून टाकले, कारण निळेच आधी खपतात.

शनिवारी बाजार भरला होता. ईल माशांच्या दुकानासमोर रांग होती, फुलवाला ओरडत होता. मॉडची गाडी नेहमीच्या जागी होती आणि गिऱ्हाइकंही नेहमीची. लोक तिच्याशी जरा जास्तच गोड बोलत होते. दुपारकडे हिरवा कोट आला. मिसेस टिडीनं मॉडकडे न बघता कापडं चाळली. निळ्या फ्रॉकवर थांबली, उचलून अंगाला लावून पाहिला, नाकाजवळ नेला.

"धुराचा वास येतोय जरा."

"एकदा धुतला की जाईल," मॉड म्हणाली.

मिसेस टिडीनं इकडेतिकडे बघितलं. सवयच होती ती. या गाडीशी वर्षानुवर्षं तिनं तसंच बघितलं होतं. आणि सवयीनंच, आवाज खाली आणून, तिनं विचारलं, "कोबी आहे ना?"

विचारल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय विचारलं ते. फ्रॉक तिच्या हातात तसाच राहिला.

बाजार चालूच होता. मॉड म्हणाली, "मोठ्यानं बोला, बाई. त्या दिवशीही मला ऐकू आलं नव्हतं."

"मला पण घर आहे, मिसेस पेग्रम," बाई पुटपुटली. "मी एकटी काय बोलणार होते?"

मॉडनं तिच्या हातातून फ्रॉक घेतला. तिला वाटलं होतं, आता आपण ओरडू, किंवा हा तिच्या तोंडावर फेकू. तसलं काही झालं नाही. तिनं फ्रॉक उलटा केला आणि पट्ट्याची घरं बाईच्या डोळ्यांसमोर धरली.

"हे बघा. तीन टाके आहेत. उसवायचे नाहीत. जिनं शिवलंय ती सिगारेट ओढत नव्हती."

मग तिनं फ्रॉकची घडी घातली, कागदात गुंडाळली, भाव सांगितला. मिसेस टिडीनं या खेपेला घासाघीस केली नाही. पैसे देऊन ती पुडकं काखेत मारून गर्दीत शिरली. फ्रॉक टाकून गेली नाही. तो स्वस्त होता, आणि कापड चांगलं होतं.

संध्याकाळी मॉड घरी आली. वॉलीसाठी बटाटे उकडून कुस्करले, ईलचा रस्सा बाजारातून आणला होता तो वर ओतला. सहाच्या सुमाराला जिन्यावर खालच्या भाडेकरूची पावलं वाजली आणि वॉलीनं तोंड दाराकडे वळवलं. रोज वळवायचा. पहिल्या काही दिवसांत मॉड त्याला म्हणाली होती, येईल हं, काम जास्त आहे तिला. ते शब्द तोंडातून गेल्यावर तिनं स्वतःची जीभ चावली होती, कारण तेही तास-दीड तासापुरतंच खोटं होतं.

आता ती म्हणत नसे. तिनं स्टूल ओढलं आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"बेरिल मेली, वॉली," ती म्हणाली. "मागच्या जिन्यावर कोबी होता. मी नेला नव्हता. तिनं विचारलं तेव्हा नेला म्हणून सांगितलं, आणि तिनं ते खरं मानलं."

वॉलीनं तिच्याकडे पाहिलं. तिचं बोलणं होईपर्यंत तो तिच्याकडेच बघत होता. अख्ख्या गल्लीत तेवढं कुणी केलं नव्हतं. तिनं त्याच्या हनुवटीवर ओघळलेला रस्सा पुसला. मग त्यानं पुन्हा तोंड दाराकडे वळवलं आणि वाट बघत बसला.